हेंद्रेच्या गाई

प्लास देरवेन या आमच्या बागेचं तळं गळतंय हे सगळ्यात आधी हेलेदच्या बुटांना कळलं. आठवडाभर पावसाचा थेंब पडला नव्हता, आमच्या वेल्समध्ये ही तशी अपूर्वाईच, आणि तरी बांधाखालच्या पायवाटेवर तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला. तिनं वाकून गवत बाजूला सारलं. मातीतून पाणी झिरपत होतं. ते नितळ असतं तर ती एवढी हबकली नसती. पाणी गढूळ होतं. म्हणजे पाण्याबरोबर बांधाची मातीही निघून चालली होती.

त्या दुपारी ती माझ्याकडे आली. बागेच्या जुन्या तबेल्यात माझं चहाघर आहे. एरवी ती दारातच उभ्यानं कप रिकामा करून जायची. त्या दिवशी खुर्ची ओढून बसली, चिखलाचे बूट काढायचंही तिला सुचलं नाही.

"मेन्ना, तळं जायच्या बेतात आहे," ती म्हणाली. मी काही विचारायच्या आत तिनंच पुढचं बोलून टाकलं, "मी जाऊ देणार नाही."

हेलेद प्रॉसर आमच्या बागेची मुख्य माळीण. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, रुंद खांद्यांची, आणि बोलायला फारशी गोड नाही. अडीचशे वर्षांपूर्वी इथल्या जमीनदारानं ओढा अडवून ते तळं केलं. भोवती हिरवळीचे उतार काढले, त्यांवर ओकची झाडं अशी पेरली की पाहणाऱ्याला वाटावं, ही देवानंच अशी ठेवली असणार. त्याच्या पणतवानं बांधाखालच्या दरीत हिमालयातून आणलेलं बी रुजवलं. तुमच्याकडे डोंगरातले लोक ज्याला बुरांश म्हणतात त्याची झाडं, मॅग्नोलिया, माणसाच्या दुप्पट उंचीचे नेचे. पुढे ते घराणं संपलं, वाडा पाडला गेला, आणि बाग गावानं चालवायला घेतली. वसंतात गाड्या भरभरून लोक येतात. गावातल्या निम्म्या घरांचं पोट या ना त्या वाटेनं बागेवर आहे, माझं तर आहेच.

तळं म्हणजे नुसती शोभा नव्हे. हिवाळ्यात डोंगरावरून येणारं पाणी ते पोटात घेतं आणि दरीला उन्हाळाभर पुरवून पुरवून देतं. बांध फोडला की हिवाळ्यात दरीतून लोंढा जाणार आणि जुलैत तिथे कोरडे दगड राहणार. मग नेचे जातील, मॅग्नोलिया जातील. हे हेलेदनं आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती. पण तिनं गावाच्या सभेत ते सांगितलं, आणि दोनदा सांगितलं.

सरकारी तपासनीस येऊन गेला. त्यानं तळं निम्मं उतरवायला लावलं आणि बजावलं, की हिवाळ्याच्या आत बांध दुरुस्त झाला नाही तर तो कायमचा फोडावा लागेल. मग बागेच्या समितीनं बँगोरहून एक इंजिनीयर बोलावली. नेरिस तिचं नाव. तरुण पोरगी, पण अशा जुन्या बांधांवरच तिनं काम केलेलं होतं. तिनं दोन-तीन ठिकाणी चर खणून पाहिले आणि मग माझ्याच चहाघरात टेबलावर साखरेची पुडकी मांडून सगळ्यांना समजावलं. बांध चांगला होता. त्याच्या पोटातून एक दगडी मोरी जाते, तळ्याचं पाणी सोडायला केलेली. त्या मोरीभोवतीची चिकणमाती झिजली होती आणि पाणी दगडांच्या कडेकडेनं वाट काढत होतं. तिथपर्यंत बांध उघडायचा, नवी चिकणमाती थराथरानं भरायची आणि प्रत्येक थर असा तुडवायचा की आत हवेचा बुडबुडासुद्धा राहता कामा नये.

गेथिन बोअन आमच्या समितीचा अध्यक्ष, शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. त्याला वाटलं, रोलर आणला की झालं.

"रोलरचे हादरे त्या मोरीला सोसायचे नाहीत," नेरिस म्हणाली. "दगड नुसते एकमेकांवर टेकून उभे आहेत. माती टाकायला छोटं यंत्र चालेल. तुडवायला मात्र खूर हवेत. हा बांध बांधला तेव्हाही गुरंच फिरवली असणार. मी आणखी एके ठिकाणी तसं करून घेतलंय, झकास बसली माती. जवळपास कुणाकडे गाई आहेत?"

गाई होत्या. बागेच्या दगडी गडग्याला लागूनच होत्या, काळ्याभोर, लांब केसांच्या, शिंगवाल्या. पण त्या इद्रिसच्या होत्या.

इद्रिसच्या शेताचं नाव हेंद्रे, म्हणून आमच्याकडच्या रीतीनं त्याचंही नाव इद्रिस हेंद्रे. त्यानं बागेत पाऊल टाकलं त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि बागेतल्या माणसाशी तो बाजारातही बोलत नसे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. एका हिवाळ्यात असं बर्फ पडलं की बाग आणि हेंद्रे यांच्यामधला दगडांचा गडगा एके ठिकाणी ढासळला. त्याच्या गाभण मेंढ्या उपाशी होत्या. बर्फात हिरवं म्हणून एकच गोष्ट दिसत होती. बागेच्या कडेची ती बुरांशाची रांग, जिला आम्ही लाल झाडी म्हणतो. मेंढ्यांनी ती ओरबाडून खाल्ली. त्या पानांत विष असतं. दोन दिवस त्या फेस गाळत, दात खात पडून होत्या. बहुतेक गेल्या, पोटातल्या कोकरांसकट. गडगा कुणी नीट राखायचा होता यावर नंतर वाद झाला, आणि तो कधी मिटलाच नाही. दोन्हीकडच्या जुन्या कागदांत काही धड लिहिलेलं नव्हतं.

हेलेद म्हणाली, "मी जाते त्याच्याकडे."

गेथिननं तिला थांबवायचा प्रयत्न केला. म्हणाला, आधी कुणा तिसऱ्या माणसाकरवी शब्द टाकू. चर्चच्या पाळकांना सांगू. हेलेदनं कोट अडकवला आणि मला म्हणाली, "तू चल. मी काही वाकडं बोलले तर माझी बाही ओढ."

इद्रिस अंगणात गाईच्या खुराला औषध लावत होता. सत्तरीचा माणूस, उंच, गुडघ्यात अधू. आम्हाला पाहून त्यानं हातातलं काम सोडलं नाही. हेलेदनं सगळं सरळ सांगितलं. बांध, मोरी, चिकणमाती, खूर. एकही शब्द साखरेत घोळला नाही. तिचं बोलून झालं तेव्हा त्यानं गाईचा पाय खाली ठेवला.

"म्हणजे आता बागेला माझी जनावरं हवीत," तो म्हणाला.

"हवीत."

"तेव्हा माझ्या अंगणात मेंढ्या मरत होत्या, आणि माझ्या फाटकावरून तुमच्या गाड्या चालल्या होत्या. हिमपुष्पं बघायला, हिवाळ्यात उमलणारी ती पांढरी फुलं. तुम्ही पाटी लावली होती, बाग उघडी आहे म्हणून. एकानं तर गाडी थांबवून मला विचारलं, गाडी कुठे लावायची. माझ्या हातात मेलेली मेंढी होती."

मला वाटलं, आता हेलेद गडग्याचा वाद उकरून काढेल, म्हणून मी तिची बाही धरून ठेवली होती. पण ती एवढंच म्हणाली, "मी त्या दिवशी यायला हवं होतं. आले नाही."

"नाही आलीस."

मग तो काठी टेकत गडग्याजवळ गेला. आम्हीही मागोमाग गेलो. गाई बांधावर न्यायला वाट एकच होती. गडग्यातून खिंड पाडून, लाल झाडीच्या कडेकडेनं. त्यानं काठीनं ती रांग दाखवली. फुलांचा बहर ओसरत आला होता, तरी गडद हिरव्या पानांत लाल झुबके लटकलेले होते, आणि फांद्या वाटेवर दोन्ही बाजूंनी वाकलेल्या.

"गाय वाटेनं जाताना तोंड मारल्याशिवाय राहत नाही. ती काही तुझी पाटी वाचत नाही. हे हिरवं इथे उभं आहे तोवर माझं एकही जनावर पलीकडे पाय टाकणार नाही."

"जाळी लावली तर?"

"दगडाचा गडगा टिकला नाही. जाळी टिकेल?"

हेलेदनं एक फांदी हातानं वाकवून पाहिली. मग तिनं विचारलं, "नुसती कापली तर चालेल का? पण खरं सांगते, बुंध्यांना पुन्हा फुटवे येतील. कापून भागत नाही."

"मग मुळं काढ," इद्रिस म्हणाला आणि गाईकडे परत गेला.

लाल झाडी तोडायची हे समितीच्या कानावर घातलं तेव्हा जो गोंधळ झाला तो मी सगळा सांगत बसत नाही. बागेच्या पत्रकावर तिचंच चित्र छापलेलं होतं. मे महिन्यात लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढत. ती रांग बागेतल्या बुरांशांच्या सर्वांत जुन्या लागवडीतली. गेथिननं आपल्या बायकोला लग्नाची मागणी तिथेच घातली होती. तो म्हणाला, हा म्हातारा आपल्याकडून सूड उगवून घेतोय. दुसरी कुठली गुरं ट्रकमधून आणू. हेलेदनं त्याला विचारलं, की कुठल्याही गाई आणल्या तरी त्या याच वाटेनं बांधावर जाणार ना? आणि कुणाच्याही गाई मेल्या तर चालतील का?

"हा सूड नाही," हेलेद म्हणाली. "तो बरोबर बोलतोय. आपल्याला ते आवडत नाही, एवढंच. रांग ठेवायची की दरी, ते सांगा. दोन्ही मिळणार नाही."

हात वर झाले. अगदी थोडक्या मतांनी तिचं म्हणणं मंजूर झालं. गेथिननं विरोधात हात वर केला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी करवत घेऊन पहिला तोच आला, हेही मला सांगितलं पाहिजे.

तोडायच्या आधी हेलेदनं त्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांच्या काड्या घेतल्या आणि काचघरात वाळूमिश्रित मातीत लावल्या. त्यातल्या किती धरतील याची खात्री नव्हती. या जातीच्या काड्या मुळं धरायला फार नखरे करतात. मग तिनं स्वतः पहिल्या बुंध्याला करवत लावली. मी चहाचा थर्मास घेऊन गेले होते. तिच्या तोंडाकडे पाहायचं मी टाळलं. झाडं पडत गेली, फांद्या पार्कच्या, म्हणजे हिरवळीच्या उतारांच्या, दुसऱ्या टोकाला नेऊन जाळल्या, आणि एक-एक पान दाताळ्यानं गोळा केलं, कारण वाळलेलं पानही तितकंच घातकी.

बुंधे मात्र हटायला तयार नव्हते. शंभरावर वर्षांची मुळं, खडकांना मिठी मारून बसलेली. आम्ही कुदळी आणि पहारी घेऊन आळीपाळीनं लागायचो आणि दिवसाअखेर एखादा बुंधा निघायचा. येणारे पाहुणे थांबून बघत. एका बाईनं हेलेदला सुनावलं, की तुम्हाला लाज वाटायला हवी, एवढी सुंदर झाडं. हेलेदनं कपाळाचा घाम पुसला आणि तिला म्हणाली, "वाटते. जरा बाजूला उभ्या राहता का? पहार निसटेल." ती बाई तक्रार करायला चहाघरात आली. मी तिला मनुकांचा केक दिला आणि बांधाची सगळी गोष्ट सांगितली. जाताना तिनं केकची आणखी एक चकती मागून घेतली, पण हेलेदला क्षमा केल्याचं काही बोलली नाही.

हेलेदचे तळहात फोडांनी भरले होते. कंबर तर अशी धरली होती की सकाळी ती वाकून बुटांच्या नाड्या बांधू शकत नसे, तिचा नवरा बांधून द्यायचा. मी तिला म्हटलं, दोन दिवस तरी थांब. ती म्हणाली, "थांबले तर पुन्हा उठायची नाही." आणि गेली.

अशाच एका सकाळी गडग्यापलीकडे ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली. इद्रिस गडग्यापाशी येऊन थांबला. तो रोज लांबून बघत होता हे आम्हाला माहीत होतं, पण आम्ही कुणी तिकडे पाहिल्यासारखं केलं नव्हतं. त्यानं एक जाड साखळी गडग्यावरून अलीकडे टाकली.

"ती बुंध्याला खालून घाल. वरून नको, सटकेल," तो म्हणाला. हेलेदनं साखळी अडकवली. ट्रॅक्टर ओढू लागला, साखळी ताणली गेली, आणि तो बुंधा मुळांसकट असा बाहेर आला की मागे माणूस उभा राहील एवढा खड्डा पडला. हेलेदनं साखळी दुसऱ्या बुंध्याला घातली. त्या आठवड्यात सगळी रांग संपली. पण त्या सगळ्या दिवसांत इद्रिसनं गडग्याच्या अलीकडे पाय ठेवला नाही. जेवायलाही तो घरी जायचा. मी पावाला लोणी लावून डबा धाडला, तर रिकामा डबा धुऊन गडग्यावर ठेवलेला सापडला.

सप्टेंबरात बांध उघडला. पार्कच्या कोपऱ्यात जुनी चिकणमातीची खाण आहे, निळसर आणि लोण्यासारख्या मातीची. तळं बांधलं तेव्हाची मातीही तिथलीच होती, असं नेरिस म्हणाली. छोट्या यंत्रानं ती आणली, मोरीभोवती पसरली, वर पाणी शिंपडलं. दोन्ही बाजूंना ओंडके रोवून फळ्यांचं कुंपण घातलं, गाई बाहेर जाऊ नयेत म्हणून. मग गडग्यात खिंड पाडली आणि सगळा गाव उतारावर येऊन उभा राहिला.

इद्रिस त्या खिंडीतून गाईंच्या आधी एकटा आला. पूर्वी लाल झाडी होती त्या वाटेनं तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, जमिनीकडे बघत. दोन ठिकाणी वाकून त्यानं काहीतरी उचललं आणि खिशात घातलं. पानं असावीत. त्याचं समाधान झालं तेव्हाच त्यानं हाळी दिली आणि काळ्या गाई ओळीनं खिंडीतून आल्या.

बांधापर्यंत त्या शहाण्यासारख्या आल्या. मातीच्या कडेला पुढची गाय थांबली. ती सगळ्यांची म्होरकी. तिनं एक खूर पुढे टाकला, तो बुडाला, तिनं तो मागे घेतला आणि ढिम्म उभी राहिली. मागच्या तिच्यावर आदळल्या. इद्रिसनं हाका मारल्या, चुचकारलं, पाठीवर थापट्या मारल्या. ती हलेना. कडेची माणसं ओरडू लागली तशी ती आणखी बिथरली.

"सगळ्यांनी गप्प बसा," इद्रिस म्हणाला. मग तो हेलेदकडे वळला. "कुणीतरी पुढे चाललं पाहिजे. माझे गुडघे या चिखलातून निघायचे नाहीत."

हेलेदनं बूट काढले, मोजे काढले, पेंडीची बादली उचलली आणि चिखलात उतरली. पहिल्याच पावलाला ती पोटरीपर्यंत गेली. तिथून पाय उपसायचा, पुढे टाकायचा, पुन्हा उपसायचा. ती बादली खडखडवत, मागे न बघता चालत राहिली. म्होरकीनं मान लांब केली. नाक फुरफुरवलं. आणि तिनं दुसरा खूर टाकला.

मग त्या सगळ्याच आल्या. मोरीवरून पुढे, कुंपणापाशी वळून मागे, पुन्हा पुढे. आधी माती खुरांमागे फताफत उसळत होती, हळूहळू तिचा आवाज बदलत गेला. नेरिस मध्येच उतरून लोखंडी सळी खुपसून बघायची आणि मान हलवायची, अजून, अजून. हेलेद बादलीसकट पुढे होती. कुणी तिच्या जागी जाऊ लागलं तर म्होरकी थांबायची, म्हणून तीच चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी, वरच्या थराच्या वेळी, घात होता होता टळला. एका कालवडीला मागच्या गाईचं शिंग लागलं. ती उसळली, कुंपणावर आदळली, ते तुटलं, आणि कालवड तळ्याच्या बाजूला घसरत गेली. पाणी उतरलेलं होतं, पण तळाचा गाळ होता, काळा, खोल. ती पोटापर्यंत रुतली आणि धडपडू लागली. जितकी धडपडे तितकी खाली जाई.

मी इद्रिसकडे पाहिलं. मला तेव्हा फक्त एकच वाटलं, आता या माणसाची जनावरं दुसऱ्यांदा आपल्या बागेपायी जाणार.

हेलेदनं बादली टाकली आणि कुंपणाच्या फळ्या उचलून गाळावर आडव्या टाकत ती कालवडीपर्यंत पोटावर सरपटत गेली. गेथिन तिच्या मागून, म्हातारा माणूस, दोरखंड दातांत धरून. तिनं कालवडीचं डोकं छातीशी धरलं, आणि तिच्या कानाशी ती एकसारखी काहीतरी बोलत होती, अर्थ नसलेलं, बाळाशी बोलावं तसं. कालवड शांत झाली म्हणूनच गेथिनला पुढच्या पायांमागून दोर घालता आला. वर आम्ही सगळ्यांनी दोर धरला. इद्रिसनं हाक घातली, "ओढा. हिसका नको. सावकाश." एवढ्या माणसांचा एक श्वास झाल्यासारखा झाला. गाळानं आधी तिला सोडलंच नाही, मग एकदम सुटली आणि फळ्यांवरून घसरत काठाला आली. थरथरत उभी राहिली आणि लगेच गवत खाऊ लागली.

हेलेद गाळातच बसून होती, काळी, नुसते डोळे दिसत होते. इद्रिस गुडघे सांभाळत काठापर्यंत उतरला आणि त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला.

"वर ये, पोरी," तो म्हणाला. "अजून एक थर राहिलाय."

तो थर त्याच दिवशी पुरा झाला.

तळं भरायला संपूर्ण शरद ऋतू गेला. नेरिसनं सांगितलं होतं, एकदम भरू नका, बांधाला सवय होऊ द्या. हेलेद रोज सकाळी बांधाखाली जाऊन गवतात हात घालायची. नोव्हेंबरात तिला एके ठिकाणी ओल लागली. तिनं मला हाक मारून नेलं, आणि आम्ही दोघी तिथे ओणव्या होऊन त्या पाण्याकडे बघत राहिलो. ते अगदी नितळ होतं. नेरिसला बोलावलं. ती म्हणाली, एवढं तर प्रत्येक मातीचा बांध घाम गाळतोच, लक्ष ठेवा आणि निवांत झोपा. सरकारी तपासनीसही येऊन पाहून गेला आणि बांध फोडायचा विषय संपला.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मात्र मी म्हणणार नाही. काचघरातल्या काड्यांपैकी फारच थोड्या धरल्या. त्या हेलेदनं दरीच्या पार आत, कुठलंही जनावर पोहोचणार नाही अशा ठिकाणी लावल्या आहेत, आणि त्यांना लाल झुबके येतील तेव्हा आम्ही दोघी बहुधा नसू. गडग्याकडेची जागा पुढच्या वसंतात उघडीबोडकी होती. पत्रक नवं छापावं लागलं. त्या मे महिन्यात गर्दी कमी होती, माझा केकही उरत होता. जुने पाहुणे येऊन विचारायचे, ती लाल झाडी कुठे गेली, आणि काही जण उत्तर ऐकून नाराज होऊन परतायचे. हेलेदनं तिथे हेझल आणि रोवनची रोपं लावली. आधी एकेका रोपाचं नाव इद्रिसला सांगून, आणि हे गाईनं खाल्लं तर चालेल का, असं विचारून. एका रोपाला तो नाही म्हणाला. तिनं ते परत नेलं.

इद्रिसही एकदम बदलून गेला नाही. त्या मेंढ्यांबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही, पण विसरला असं कुणी समजू नये. आता तो बाजाराच्या दिवशी माझ्याकडे येतो, खिडकीजवळ बसतो. चहा फार पातळ आहे म्हणतो आणि दुसरा कप मागतो. पाहुणे त्याला बागेचा माणूस समजून रस्ता विचारतात, आणि तो त्यांना बांधावर पाठवतो. "आधी बांध बघा," असं सांगतो. "फुलं नंतर."

परवा हेलेद आली ती दारातच उभी राहून चहा पीत होती. पार्कच्या वरच्या उतारावर जुन्या ॲश वृक्षांचे शेंडे वाळायला लागले आहेत. त्या झाडांवर सगळ्या देशभर रोग पडला आहे, आणि त्याला औषध नाही. मी विचारलं, मग आता काय करणार? तिनं कप माझ्या हातात दिला.

"वर जाऊन बघते, कुठली झाडं अजून तग धरून आहेत," ती म्हणाली. "त्यांचं बी गोळा करायचं."

खिडकीजवळून इद्रिस म्हणाला, की त्याच्या वरच्या रानात एक आहे, धडधाकट. मग त्यानं काठी घेतली आणि दोघं उतार चढून गेले. ती पुढे, तो मागून, आणि वळणापर्यंत त्यांचं काहीतरी वादावादीचं बोलणं ऐकू येत होतं.